कोबीवरची आई

"फोटोला नाव द्यायची घाई करू नकोस," भिंगवाल्या बाईंनी तिला बजावलं होतं. "आधी तीन दिवस रोज त्याच वेळी जाऊन बघ. काय चाललंय ते कळू दे. मग लिही काय लिहायचं ते."

"बाई, मला सलग तीन मिनिटं मिळायची मारामार. तीन दिवस कुठून आणू?" असं म्हणून तिने तो सल्ला हसण्यावारी नेला होता. आणि आता ती मागच्या अंगणात, कोबीच्या वाफ्यात पालथी पडली होती. दोन्ही कोपरं ओल्या मातीत रुतलेली, कॅमेरा नाकाला चिकटलेला, श्वास रोखलेला. उजवा डोळा लेन्सला दिला होता आणि डावा कान खिडकीला. खिडकीची खालची काच वीतभर उघडी होती. आत बाळ झोपलं होतं.

बाळ नऊ महिन्यांचं. या नऊ महिन्यांत तिचा डावा कान तिचा स्वतःचा असा राहिलाच नव्हता. दर मिनिटाला तिला वाटायचं, रडलं. मग ती मान वर करायची, ऐकायची. काहीच नसायचं. पुन्हा डोळा लेन्सला.

भिंगवाल्या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई. गळ्यात कायम दोरीला बांधलेलं भिंग. त्यांनी चालवलेल्या 'अंगणातले किडे' या मंडळात पन्नासेक माणसं होती, आणि दर महिन्याला बाई एक विषय द्यायच्या. या महिन्याचा होता 'शिकारी आणि सावज'. निवडक फोटो वाचनालयाच्या भिंतीवर लागणार होते.

अकरा दिवसांत तिने बरंच टिपलं होतं. माशीला जाळ्यात गुंडाळणारा कोळी. माव्याच्या थरावर आडवा हात मारणारा लाल पाठीचा भुंगेरा. आणि एकदा पानाआड दबा धरून बसलेला तो लांब मानेचा हिरवा किडा, पुढच्या दोन पायांत मधमाशी धरून बसलेला. त्याने डोक्यापासून सुरुवात केली होती, आणि मधमाशीचे मागचे पाय त्यानंतरही बराच वेळ हलत होते. तो फोटो चांगला आला होता. पण त्या दिवशी ती बाळाच्या नाकाशी चौदा वेळा बोट धरून आली, आणि तेव्हापासून शिकारीचा फोटो काढायचा म्हटलं की ती आधी खिडकीशी जाऊन यायची.

म्हणून आज कोबीवर जे दिसलं ते बघून तिला एकदम हलकं वाटलं.

खालच्या पानाच्या मागे एक सुरवंट होता. हिरवट पिवळा, अंगभर काळे ठिपके, विरळ केस. आणि त्याच्या पोटाखाली पिवळ्याधमक दाण्यांचा ढीग, एकेक दाणा तांदळाएवढा. सुरवंट त्या ढिगावर कमान करून बसला होता. वरून रेशमाचं तलम जाळंही विणलेलं होतं, झोपलेल्यावर पातळ दुपटं टाकावं तसं.

तिने लेन्स बोटभर पुढे सरकवली. सुरवंटाने डोकं उचललं आणि डावी-उजवीकडे जोरजोरात आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"अगं बाई, नाही हात लावत मी," ती पुटपुटली आणि खरोखरच मागे सरकली.

तिने सात फोटो काढले. आठव्याला बाळ रडलं. या वेळी खरंच.

दुपारी बाळाला पाजता पाजता तिने एका अंगठ्याने फोटोखाली लिहिलं, "शिकारी शोधायला गेले, सापडली आई. अंड्यांवरून जराही हलत नाही. जवळ गेलं की डोकं आपटून हाकलते." आणि बाईंच्या मंडळावर टाकलं. तेवढ्यावर समाधान होईना म्हणून घरच्यांच्या ग्रुपवरही टाकलं. तिथून ते कुणी कुणी पुढे धाडलं, आणि बाळाची ढेकर निघेपर्यंत कौतुकाचा नुसता पाऊस. डोळ्यांतून पाणी आलं म्हणे. मनुष्यप्राण्याने शिकावं म्हणे. ऑफिसातून नवऱ्याने लिहिलं, "हिचा आणि माझ्या बायकोचा स्वभाव जुळतो. मीही जवळ गेलो की डोकं आपटते."

"काय पण फोटो काढलाय," सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या. त्या फोन हातभर लांब धरून एकेक उत्तर मोठ्याने वाचत होत्या. "शेवटी आईचं काळीज ते. पण मला सांग, कोबी मी भाजीला लावला होता की तुझ्या मॉडेलिंगला?"

"फोटो काढून झाले की घ्या तुमचा कोबी."

"घेते. तुझी ती आई तेवढी बाजूला कर. तेलात पडायची."

मग खारूचं उत्तर आलं.

खारू म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. लहानपणी गालात सदान्कदा काहीतरी कोंबलेलं असायचं म्हणून घरात पडलेलं नाव. शहराच्या दुसऱ्या टोकाला सासर. दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची. "अर्ध्या शहराचे दात माझ्या हातात, पण चावायची मजा माझी मलाच," असं म्हणत दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची. आता साडेचार महिन्यांची मुलगी होती तिला आणि ती रजेवर होती.

खारूने लिहिलं होतं, "वहिनी, ती खाते कधी?"

तिने लगेच उत्तर दिलं, "आईला कुठली भूक, खारू? एव्हाना तुलाही कळलं असेल." पुढे एक हसरं तोंड. पाचसहा जणांनी त्यावर आणखी हसरी तोंडं चिकटवली. खारूने अंगठ्याचं चित्र टाकलं. नुसतं अंगठ्याचं चित्र.

त्यानंतरचे तीन दिवस, बाळ झोपलं की ती वाफ्यात जाऊन येत होती. सुरवंट तिथेच. तिने पान उलटं करून बघितलं, कडेने जुनी भोकं होती तेवढीच. नवं एकही नाही. एवढा हिरवागार कोबी तोंडाशी आणि हा चावतसुद्धा नाही. काय माया म्हणावी, असं तिच्या मनात आलं. मग हेही आलं की याचं अंग परवापेक्षा आक्रसल्यासारखं दिसतंय, रंग उतरलाय. पण उजेड वेगळा होता, ढग होते, आणि आत बाळ चुळबुळत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला.

"तुझा फोटो भिंतीवर लावतेय गं. विषयात अगदी चपखल बसतोय."

"कुठला, मधमाशीचा?"

"नाही, कोबीवरचा."

"पण बाई, त्यात शिकार कुठाय? तो आपला असाच टाकला होता मी. आईचा आहे तो."

"कुणाची आई?"

"त्या अंड्यांची."

"सुरवंट अंडी घालतो?" बाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं आणि वर्गात थांबावं तशा थांबल्या.

चौथीतला तक्ता डोळ्यांपुढे आला. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, आणि एकातून दुसऱ्याकडे जाणारे बाण. तिने स्वतः रंगवला होता.

"नाही," ती म्हणाली. "सुरवंट म्हणजे... तो अजून लहान असतो. मोठं व्हायचं असतं त्याला."

"लेकरूच ते. मग लेकराला लेकरं कुठून झाली? बरं, मराठीत सुरवंट 'तो'. तू त्याला 'ती' केलंस, तेही कुणाला खटकलं नाही. दोनशे माणसं गहिवरली, पण एकानेही नीट बघितलं नाही." बाईंच्या आवाजात राग नव्हता. त्यांना हे नेहमीचंच होतं. "ती अंडी नाहीत. कोष आहेत. मुंगीएवढी एक माशी असते, गांधीलमाशीच्या कुळातली. ती सुरवंटाच्या अंगात अंडी घालते. पिल्लं आतल्या आत याच्यावर वाढतात, मग कातडी फोडून बाहेर येतात आणि याच्याच पोटाखाली कोष विणतात."

"मग शिकारी कोण?"

"ती माशी. कधीच उडून गेली. फोटोत नाही ती."

"पण हा त्यांची राखण का करतो? डोकं आपटत होता, बाई. मी बघितलंय."

"करतो. त्याच्यात काहीतरी बिघडलेलं असतं. स्वतःचं रेशीम काढून त्यांच्यावर पांघरतो, मुंगी आली तर हाकलतो. आपल्याला ती माया वाटते."

"आणि..." तिने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "खातो कधी?"

"खात नाही. भूकच मरते. पिल्लं उडून जाईपर्यंत कसाबसा तग धरतो, मग संपतो." बाई थांबल्या. "काय गं, आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "मी नंतर करते तुम्हाला."

तिने ग्रुप उघडला. तीन दिवसांत त्यावर वाढदिवस आणि कुणाच्या तरी नव्या सोफ्याचे फोटो साचले होते. ते मागे सारत ती त्या ओळीपाशी आली. ती खाते कधी. त्या दिवशी तिने ती ओळ खारूच्या जुन्या आवाजात वाचली होती, तोंडात काहीतरी चघळत, डोळा मिचकावत. आता तो आवाज काढून टाकला आणि नुसते तीन शब्द वाचले. साधा प्रश्न होता. विचारणारीला उत्तर हवं होतं. त्यावर आपण हसरं तोंड चिकटवलं.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग दोन शब्द आले, "झोपवतेय छकुलीला."

तिने खारूने पाठवलेले फोटो एकेक करून मागे मागे बघायला सुरुवात केली. पाच आठवड्यांचे फोटो. सगळे छकुलीचे. हसणारी छकुली, पालथी छकुली, मूठ चोखणारी छकुली. खारूचा चेहरा एकातही नाही. पण छकुलीला धरणारा हात होता. दूध किती मिनिटं पाजलं ते बघायला खारू घड्याळ घालायची, तो हात. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. किड्याच्या पायावरचे केस मोजायची सवय असलेल्या डोळ्यांना ते दिसायला वेळ लागला नाही. पाच आठवड्यांपूर्वी पट्ट्याचा काटा तिसऱ्या भोकात होता. मग दुसऱ्या. परवाच्या फोटोत सगळ्यात आतल्या, पहिल्या भोकात, आणि तरीही घड्याळ मनगट सोडून कोपराकडे घसरलेलं.

सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या.

"आई, खारूशी कधी बोललात?"

"कालच की. अर्धा तास बोललो. मजेत आहे."

"काय म्हणाली?"

"छकुली पालथी पडायला लागली. आता सरकेल बघ. वजनही छान भरलंय."

"आणि खारू?"

"खारूचं काय?"

"ती स्वतःबद्दल काय म्हणाली?"

सासूबाईंनी शेंग फोडली, दाणे पातेल्यात पाडले. दुसरी शेंग घेतली. ती मात्र हातातच राहिली.

"मी विचारलं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "बाळाचंच बोलत होतो."

"मी जाऊन येते तिच्याकडे."

"बाळाला घेऊन? उन्हाची?"

"नाही," ती म्हणाली. पुढचे शब्द तिच्या तोंडून आजवर निघाले नव्हते. "बाळाला तुम्ही सांभाळा."

सासूबाईंनी वर बघितलं, आणि हात पदराला पुसून पुढे केले.

बसमध्ये ती दाराजवळच्या सीटवर बसली. ब्रेक लागला, तिला बाळ रडल्यासारखं वाटलं. मागे कुणाचा तरी फोन वाजला, तेव्हाही. दोन थांबे गेल्यावर उतरून परत फिरावं असं इतकं मनात आलं की तिने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

दार खारूच्या सासूबाईंनी उघडलं. हसतमुख, नीटनेटकी बाई. खारूचा नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, तेव्हा घर त्याच सांभाळायच्या, आणि घर अगदी आरशासारखं होतं.

"या, या. न सांगता आलात ते बरं केलंत. आमची छकुली बघा केवढी झाली." त्यांनी कपाटाच्या दारावर चिकटवलेला वजनाचा तक्ता दाखवला. रेघ सरळ वर गेली होती. "आणि तुमची नणंद म्हणजे काय सांगू. लेकीला खाली ठेवेल तर शपथ. मला म्हणून घेऊ देत नाही. अशी आई मी बघितली नाही बाई."

"जेवते ना, काकू?"

"जेवते म्हणजे? खोलीतच नेऊन देते मी ताट. चाटूनपुसून परत येतं."

खोलीत पडदा ओढलेला होता. खारू पलंगावर भिंतीला टेकून, गुडघे वर घेऊन बसली होती. मांड्यांवर छकुली, आणि तिच्यावर खारू कमान करून वाकलेली. केस नीट विंचरलेले. अंगावर धुतलेला स्वच्छ गाऊन, खांद्यावरून ओघळणारा.

"वहिनी? तू कशी काय?"

"सहज. बघू दे तरी भाचीला." तिने हात पुढे केला.

खारूचं डोकं झटकन हललं, डावीकडे, उजवीकडे. "नको, नको. आत्ता झोपलीय."

तिने हात मागे घेतला. चार दिवसांपूर्वी पानापासून घेतला होता तसाच. आणि खाली जमिनीवर बसली. सवयीने नजर खालूनच फिरली.

मुंग्या होत्या. खिडकीच्या चौकटीतून उतरून, भिंतीच्या कडेकडेने, पलंगामागे गेलेली एक बारीक रांग. या चकचकीत घरात ती एकच गोष्ट जागेवर नव्हती. जाणाऱ्या मुंग्या रिकाम्या होत्या, परतणाऱ्यांच्या तोंडात पांढरे कण. ती गुडघ्यांवर रांगत रांगेमागून गेली. बाळाचे वापरलेले डायपर टाकायची झाकणाची बादली होती. तिने झाकण उचललं. गुंडाळ्या होत्या, एकावर एक, नेटक्या. वरची तिने उलगडली. आत भात होता, भाजी होती. दुसरीतही भात.

"वहिनी," खारू अगदी हळू म्हणाली. "इथल्या आईंना नको सांगूस."

"कधीपासून?"

"माहीत नाही. आधी अर्धं टाकायचे." खारू छकुलीच्या छातीकडे बघत होती, छाती वर होते की नाही ते. "घास तोंडात घेतला ना, की वाटतं मी चावतेय तेवढ्यात हिचा श्वास थांबेल. मग गिळताच येत नाही. आणि सगळे म्हणतात, काय आई आहे." तिने छकुलीचं दुपटं सारखं केलं. "तुला होतं का गं असं?"

तिने बादलीचं झाकण लावलं.

"अर्धं होतं," ती म्हणाली. "दिवसभर कान खिडकीला असतो माझा. रोज वाटतं, आज काहीतरी होणार. पण मी जेवते, खारू. भांडून, आदळआपट करून जेवते."

खारूच्या ओठाचा एक कोपरा जरा हलला.

"तुझ्या त्या कोबीवरच्या आईचं काय झालं? मी विचारलं होतं, तू सांगितलंच नाहीस."

"ती आई नव्हती. मी चुकीचं लिहिलं."

"मग कोण होतं?"

"लेकरू. अजून मोठं व्हायचं होतं त्याला. सगळे खालच्या ढिगाकडेच बघत बसले. मीसुद्धा."

बाहेर तिच्या सासूबाई कपबश्या मांडत होत्या. मुंग्या येत होत्या, जात होत्या. मग खारूने मांड्यांवरून नजर काढली, गेले कित्येक दिवस काढली नसेल ती.

"हिला जरा धर ना," ती म्हणाली. "माझे हात फार दुखतायत."

तिने छकुलीला घेतलं. खारूचे हात तसेच, कुशीत कुणी असल्यासारखे, हवेत वळलेले राहिले. मग एकेक करून खाली आले.

"काकू, मी डॉक्टरांकडे नेतेय," ती बाहेर येऊन म्हणाली.

खारूच्या सासूबाईंनी चटकन छकुलीच्या कपाळाला हात लावला. "का? काय झालं? ताप तर नाही."

"हिला नाही. खारूला."

"खारूला?" त्यांना ते खरंच कळलं नाही. त्यांनी खोलीच्या दाराकडे बघितलं. खारू चौकटीला धरून उभी होती. आज पहिल्यांदाच ती रिकाम्या हातांनी उभी दिसत होती, आणि मध्ये बाळ नसल्यामुळे ती किती उरली आहे हे दिसत होतं. खारूच्या सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"मी रोज ताट बघत होते हो," त्या म्हणाल्या. "रोज बघत होते."

डॉक्टरांनी आधी खारूला काट्यावर उभं केलं. बराच वेळ तिच्याशी एकटीशी बोलल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हा स्वभाव नाही, आजार आहे. औषध आहे त्याला. वेळ लागेल. हिला काही दिवस एकटी ठेवू नका. एकटी म्हणजे, बाळाबरोबरही एकटी नाही."

खारू आता त्यांच्याकडे आली आहे. छकुली आजीच्या मांडीवर असते, कधी एका मांडीवर छकुली आणि दुसरीवर बाळ. सासूबाई फारशा बोलत नाहीत हल्ली. जेवायच्या वेळी सगळं बाजूला ठेवून लेकीसमोर बसतात. काही दिवशी खारू चार घास खाते, काही दिवशी एकही नाही. परवा ती दुपारी दोन तास झोपली, आणि त्या दोन तासांत घरातली तिघं माणसं आळीपाळीने दारातून बघून आली, झोपलेल्या बाळांना नाही, तिला.

काल भिंगवाल्या बाईंनी निरोप धाडला. फोटो मोठा करून आणला आहे, उद्या वाचनालयात लागेल, खाली काय छापायचं ते कळव.

ती वाफ्यात जाऊन आली. कोष रिकामे होते. प्रत्येकाचं टोक गोल कापून उघडलेलं, डबीचं झाकण उचलावं तसं. सुरवंटाच्या जागी सुकलेली कातडी पानाला चिकटली होती. तिने फोटो काढला नाही. हात धुतले, खारूच्या खोलीत डोकावली, बाळाच्या नाकाशी बोट धरून आली, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्या उभ्याच लिहिलं.

"हा फोटो मी आधी 'आई' म्हणून दाखवला होता. ते चुकीचं होतं. हा कोबीवरचा सुरवंट आहे. त्याच्याखाली आहेत ती अंडी नाहीत, आणि ती त्याची नाहीत. तो काही खात नव्हता. ते मी तीन दिवस बघितलं आणि त्याला माया म्हटलं. शिकारी या फोटोत दिसत नाही.

"बघणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत नुकती कुणी बाळंत झाली असेल, तर आज तिच्याकडे जाऊन या. बाळ छानच असेल. बाळाला बघून लगेच निघू नका. बाळ दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, तिच्यासमोर ताट ठेवा, आणि ती जेवेपर्यंत तिथेच बसा. जेवलीस का, असं नुसतं विचारू नका. ती हो म्हणते."